द्वादशीची खात्री

सज्जनहो, एकादशीला आपण उपवास करतो. दिवसभर पोटात अन्नाचा कण नसतो, निदान भाकरीचा तुकडा तरी नसतो. तरीही त्या दिवशी जीव कासावीस होत नाही. टाळ वाजतो, पाय थिरकतात, रात्री जागरही होतो. असे का होते, याचा कधी विचार केला आहे का? नामाचा आधार असतो हे तर खरेच. पण आणखी एक साधे कारण आहे. उद्या द्वादशी आहे, सकाळी पारणे आहे आणि घरातल्या डब्यात पीठ आहे, हे आपल्याला ठाऊक असते. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, तोही आज उपाशी असतो. पण त्याच्या उपाशी राहण्याला कोणी एकादशी म्हणत नाही. व्रत आणि भूक यांतला फरक द्वादशीच्या खात्रीचा आहे.

ही खात्री कुठून येते? ती कोणी दिली, केव्हा दिली, आणि ती किती पक्की आहे? आपल्या जालना जिल्ह्याच्या मातीत उभे राहून हा इतिहास एकदा पाहू या. दरवर्षी मुक्ताईची पालखी बुलढाण्याकडून येते आणि जालना, अंबड करीत पुढे बीडकडे जाते. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना याच जिल्ह्यातून सिंदखेडराजाकडे वळते. वाटेवरच्या गावांनी आजवर एकाही दिंडीला उपाशी जाऊ दिले नाही. ज्या भागाने इतके दुष्काळ सोसले, त्याने ही पंगत कशी टिकवली, हा प्रश्न आपल्याला पडायला हवा.

आधी दामाजीपंतांची कथा आठवा. ही कथा आपल्याला पाठ आहे. मंगळवेढ्याला बिदरच्या बादशहाचे कोठार होते आणि दामाजीपंत तिथले अधिकारी होते. दुष्काळ पडला, माणसे अन्नान्न करू लागली, तेव्हा पंतांनी सरकारी कोठाराची दारे उघडली. बादशहाचा कोप झाला. मग पंढरीचा राणा विठू महार होऊन बिदरच्या दरबारी गेला, धान्याचे मोल मोजले आणि पावती घेऊन आला. महिपतीबुवांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’तही ही कथा सांगितली आहे. कीर्तनात आपण पंतांच्या दयेचे वर्णन करतो, देवाच्या धावण्याचे वर्णन करतो, आणि डोळे पुसत घरी जातो.

पण या कथेतल्या तीन गोष्टींकडे आपले लक्ष जात नाही. पहिली गोष्ट कोठाराची. पंतांची दया कितीही मोठी असती आणि मंगळवेढ्याचे कोठार रिकामे असते, तर त्या दयेने एकाचेही पोट भरले नसते. धान्य होते, ते गावात होते, आणि ते त्या मुलुखातल्या माणसांच्या रोजच्या भाकरीचे होते. म्हणून दार उघडताच जीव वाचले. दुसरी गोष्ट पावतीची. देवाने कोठार लुटवले नाही, हिशेब चुकता केला. कोठार पुन्हा भरले पाहिजे, हे त्यालाही मान्य होते. आणि तिसरी गोष्ट, कोणत्या रूपाने तो दरबारी गेला ती. गावात ज्याला कोठाराच्या दारापाशीही उभे राहू देत नसत, त्याचेच रूप घेऊन तो आला आणि सगळ्या गावाच्या अन्नाची किंमत त्याने मोजली.

या कथेत एक बोचरे सत्यही आहे. भुकेल्याला अन्न देण्यासाठी एका सज्जन अधिकाऱ्याला स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागला. त्या राज्यात अन्न देणे हा गुन्हा होता आणि कोठार राखणे हे कर्तव्य होते. जिथे असा नियम असतो तिथे प्रत्येक दुष्काळात एक दामाजीपंत लागतो. आणि दामाजीपंत काही प्रत्येक गावाला मिळत नाहीत.

आपल्या भाषेत संकटाचे दोन प्रकार सांगतात : अस्मानी आणि सुलतानी. पाऊस न पडणे हे अस्मानी. ते माणसाच्या हाती नाही. पण पाऊस पडला नाही म्हणून माणसाने अन्नावाचून मरणे, यात सुलतानीचा वाटा फार मोठा असतो. १६३० ते १६३२ या काळात दख्खनवर आणि गुजरातवर जो भीषण दुष्काळ पडला, त्यात हे उघड दिसले. याच दुष्काळात देहूला तुकोबांच्या घरावर घाला पडला. व्यापार बुडाला, पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. त्याच सुमारास शहाजहान बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. त्याने लंगर उघडले आणि दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांना वाटले, असे त्याच्याच दरबारी इतिहासात नोंदले आहे. हे दान खरे असेल. पण त्याच वेळी त्याच्या फौजा निजामशाही बुडवण्यासाठी याच मुलुखात लढत होत्या आणि बंजाऱ्यांचे तांडे बैलांवर धान्य लादून लष्कराच्या छावण्यांकडे चालले होते. पिकले होते तेवढेही फौजेच्या पोटात गेले. एका हाताने दान आणि दुसऱ्या हाताने लूट अशी ती सुलतानी होती.

तुकोबांनी त्या आपत्तीनंतर काय केले? आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. याला आपण वैराग्य म्हणतो, आणि ते आहेच. पण व्यवहाराच्या डोळ्यांनीही ते पाहा. दुष्काळानंतर कुणब्याला पुन्हा उभे राहायचे असते, तेव्हा जुने कर्ज ही त्याच्या पायातली बेडी असते. पुढच्या हंगामाचे बी पेरण्याआधीच त्याचे पीक सावकाराचे झालेले असते. तुकोबांनी ती बेडी तोडली. आजच्या शब्दांत सांगायचे तर भूक केवळ धान्याच्या तुटवड्याने येत नाही, ती हक्क गमावल्यानेही येते, हे त्या वाण्याच्या पोराने सोसून जाणले होते.

मग गावे जगली कशी? याचे उत्तर जमिनीखाली होते. जुन्या जाणत्यांना पेव आठवत असेल. घट्ट जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, आतून कडब्याचा आणि भुसाचा थर द्यायचा, त्यात ज्वारी ओतायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. चांगल्या पेवात ज्वारी काही वर्षे टिकत असे. उघडताना मात्र जपावे लागे. आतली हवा कोंदलेली असायची. पेव उघडून काही वेळ तसेच ठेवत आणि मगच माणूस आत उतरत असे. वाड्याच्या भिंतीत बळद असे, साध्या घरात शेणामातीने लिंपलेली कणगी असे. एक साल बुडाले तर मागच्या सालाने हात द्यायचा, हा त्यामागचा विचार होता. कोणत्या राजाने हा नियम केला नव्हता. ज्या भागात पाऊस फसवतो, तिथल्या माणसाने शहाणपणाने तो शोधला होता.

खळ्यावर रास पडली की बलुतेदारांचा वाटा निघे, देवाचा निघे, दारी आलेल्याचा पसा निघे. ही व्यवस्था आपण फार गोड करून सांगतो. पण वारकऱ्याने अर्धेच खरे सांगू नये. खळ्यावरचा वाटा हा जन्माने ठरत होता. कोणाला सुपाने मिळे, कोणाला खळे झाडून उरलेल्या मातीतले दाणे वेचावे लागत, कोणाच्या ओंजळीत उष्टे पडे. चोखोबांच्या घराने हे भोगले. गावात धान्य भरलेले असताना ज्याला दारातच थांबावे लागे, त्याची भूक दुष्काळाच्या वर्षांतच मोजायची, की सुकाळाच्याही? म्हणून पेव चांगले होते, पण पेवावरचा हक्क सगळ्यांचा नव्हता. नवी व्यवस्था आणायची तर पेवाचे शहाणपण ठेवायचे आणि दाराची आडकाठी काढायची, हे दोन्ही करावे लागणार होते.

पुढचा फेरा आला तो रेल्वेबरोबर. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होता. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणीमार्गे सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला. जालन्याची बाजारपेठ फुलली. सरकी काढण्याचे आणि रुईच्या गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो ती या पेठेच्याच भरभराटीची. पण नेमक्या त्याच सुमारास, १८९९-१९०० मध्ये, मोठा दुष्काळ पडला. १८९१ आणि १९०१ या दोन जनगणना शेजारी ठेवल्या तर औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत लाखाहून अधिक घटलेली दिसते. हे आकडे नुसते वाचू नका. पंढरीच्या वाटेवर जितकी माणसे एकावेळी दिसतात, तितकी माणसे कमी झाली.

रेल्वे धान्य आणू शकत होती. पण रेल्वे धान्य नेते तिकडे जिकडे पैसा असतो. ज्याच्या हाती मजुरी नाही त्याच्या दारासमोरून गाडी गेली तरी त्याच्या ताटात काही पडत नाही. इंग्रजांच्या मुलुखात १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळाचे नियम झाले : लोकांना काम द्या, मजुरी द्या, म्हणजे ते धान्य विकत घेतील. विचार योग्य दिशेचा होता, पण तो कंजूष हाताने आणि उशिरा राबवला जाई. त्यात दया होती, हिशेबही होता. हक्क मात्र नव्हता.

१९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादमधून मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. नव्या राज्यापुढे पहिला प्रश्न अन्नाचाच होता. परदेशातून आलेल्या गव्हावर आणि मिलोवर देश जगत होता. १९६४ मध्ये राज्याने ज्वारीची एकाधिकार खरेदी सुरू केली. त्याच वर्षी ‘सीएसएच-१’ हे संकरित ज्वारीचे वाण आले. आणि त्याच वर्षी आपल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी सुरू केली. पुढे १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. जालना बियाण्यांचे शहर झाले ते तेव्हापासून. खेड्यापाड्यांत ‘हायब्रीड’ हा शब्द ज्वारीचेच दुसरे नाव झाला. हायब्रीडची भाकरी गावरान ज्वारीसारखी गोड लागत नाही अशी कुरकूर म्हातारी माणसे करीत, पण पायलीच्या ठिकाणी पोते येऊ लागले, हेही खरे. संकरित बियाण्याने धान्य वाढवले आणि त्याबरोबर एक जुनी सवय मोडली. पूर्वी पुढच्या पेरणीचे बी कणगीत असे. आता ते दरवर्षी दुकानातून आणणे भाग झाले. मिळाले ते मोठे होते, आणि हातून सुटले तेही लहान नव्हते.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. आपल्यापैकी ज्यांचे वय सत्तरीच्या आसपास आहे, त्यांना खडी फोडलेले हात आठवत असतील. रेशनच्या दुकानातली लाल मिलो आठवत असेल, कामावर मिळणारी सुकडी आठवत असेल. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते यांची कामे निघाली. इतका मोठा दुष्काळ, तीन वर्षे मागेपुढे पिके बुडालेली, तरी १९०० सारखे मरण ओढवले नाही. याचे श्रेय कोणाला द्यायचे? पावसाला तर नाहीच. हाताला काम होते, कामाला रोख मजुरी होती आणि त्या मजुरीत घेता येईल असे धान्य रेशनच्या दुकानात होते, म्हणून माणसे जगली.

आणि त्याहून मोठी गोष्ट त्यानंतर घडली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली होती. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूर भागात तिचा प्रयोगही झाला होता. बहात्तरच्या अनुभवाने ती राज्यभर गेली. तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसवला गेला. शहरात पगार घेणाऱ्याच्या वेतनातून थोडी रक्कम कापायची आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे. १९७७ मध्ये विधिमंडळाने त्याचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम, आणि काम देता आले नाही तर भत्ता. २००५ मध्ये देशाने असाच कायदा केला.

माउली, हा क्षण नीट ध्यानात घ्या. दामाजीपंतांनी नियम मोडून जे केले, तेच आता नियमात लिहिले गेले. भुकेल्याने हात पसरायचा नाही, अर्ज करायचा. अधिकाऱ्याने दया दाखवायची नाही, काम द्यायचे. ते दिले नाही तर अपराधी तो. ज्याने कायदा केला त्याने आणि ज्याने शहरात बसून तो कर भरला त्यानेही, नकळत का होईना, विठू महाराच्या हातातल्या पिशवीत आपले नाणे टाकले.

याच वाटेने पुढे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला. २०१४ पासून तो महाराष्ट्रात लागू झाला. प्राधान्य कुटुंबातल्या माणसी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. आधी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया किलो असा दर होता. जानेवारी २०२३ पासून ते मोफत झाले. या कायद्याने कोट्यवधी घरांना द्वादशीची खात्री दिली, यात शंका नाही. जे लोक त्याला फुकटेपणा म्हणून हिणवतात त्यांनी १९०१ ची जनगणना एकदा उघडून पाहावी.

पण आता आपल्या जिल्ह्याच्या ताटात डोकावून पाहू. २०१५ मध्ये राज्य सरकारने एक निर्णय घेतला. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, अशा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत, जे शेतकरी केशरी शिधापत्रिकेमुळे अन्नसुरक्षा कायद्याच्या यादीत बसत नव्हते, त्यांनाही माणसी ५ किलो गहू-तांदूळ त्याच स्वस्त दराने द्यायचा. जालना त्यात होता. निर्णय करुणेचा होता, गरजेचा होता. तरी त्याचा अर्थ काय झाला? जो जगाला पोसतो असे आपण म्हणतो, तो कुणबी रेशनच्या रांगेत उभा राहिला. पुढे केंद्राकडून त्या योजनेसाठी धान्य मिळेनासे झाले. २०२३ मध्ये राज्याने धान्याऐवजी माणसी महिना १५० रुपये बँकेत जमा करायचे ठरवले. नंतर त्यात थोडी वाढ झाली. पाच किलोला दीडशे म्हणजे किलोला तीस रुपये. पैसा उपयोगाचा नाही असे कोण म्हणेल? पण धान्याचा भाव चढला की तीच रक्कम पोत्यातून कमी धान्य आणते. पाच किलो धान्य मात्र भाव चढला तरी पाच किलोच राहते. दामाजीपंतांनी नाणी वाटली असती तर रिकाम्या बाजारात त्या नाण्यांचे लोकांनी काय केले असते, याचा विचार करा.

शेतकऱ्याच्या घरात धान्य का नाही, याचे उत्तर शेतात आहे. जिल्ह्यात खरिपाला आज कपाशी, सोयाबीन, मका दिसतात. खरीप ज्वारी मागे पडली. शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही, त्याचा हिशेब चुकीचा नाही. खरीप ज्वारी कणसात असताना परतीचा पाऊस आला की दाणा काळा पडतो आणि भाव पडतो. एकट्याच्याच शेतात ज्वारी असली तर सगळ्या शिवाराची पाखरे तिथेच उतरतात. काढणीला, खुडणीला माणसे मिळत नाहीत. हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडले नाही तर तो कागदावरच राहतो. सोयाबीन मात्र यंत्राने निघते आणि बाजारात गेले की पैसे हाती येतात. म्हणून शेतात विकायचे पीक वाढले, आणि खायचे पीक विकत आणायची वेळ आली. कडबा कमी झाला म्हणून गोठ्यातली गुरेही कमी झाली. एका पिकामागे इतके काही जाते.

२०१२-१३ ला जालन्याने आणखी एक धडा घेतला. तेव्हा लोक म्हणत, बहात्तरला पाणी होते पण धान्य नव्हते, आता धान्य आहे पण पाणी नाही. शहराला टँकरचे पाणी, छावण्यांत गुरे, आणि वर्षानुवर्षे पोरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. पण त्याच दुष्काळात जालना तालुक्यातल्या कडवंचीचे नाव सगळीकडे झाले. या गावाने १९९६ पासून पुढच्या काही वर्षांत, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने, माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिवारात पाणी अडवले होते. पुढे शेततळी आली, द्राक्षबागा आल्या, आणि दुष्काळात त्या तगल्या. पूर्वजांनी धान्य जमिनीत पुरून ठेवले, कडवंचीने पाणी जमिनीत मुरवून ठेवले. दोन्ही पेवेच. सुकाळात भरून ठेवायचे आणि ते आपल्याच गावात ठेवायचे, हे दोन्हींमागचे शहाणपण एकच आहे.

आता आशेची गोष्ट. आपल्या जिल्ह्यातल्या ‘दगडी ज्वारी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले हे गावरान वाण. नाव जसे तसा दाणा कठीण. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीची ‘परभणी मोती’सारखी वाणे दिली आहेत. बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीची वाणे दिली आहेत. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्याचे वर्ष म्हणून पाळले. अन्नसुरक्षेच्या कायद्यात भरडधान्य पहिल्या दिवसापासून लिहिलेले आहे. वाण आहे, माती आहे, कायदा आहे. तुटलेला दुवा एकच : जालन्याच्या शेतातली ज्वारी सरकारने वेळेवर, हमीभावाने विकत घ्यावी, जिल्ह्याच्याच गोदामात ठेवावी आणि जिल्ह्याच्याच रेशन दुकानातून, अंगणवाडीतून, शाळेच्या पोषण आहारातून लेकरांच्या ताटात घालावी. राज्यात काही ठिकाणी रेशनवर गव्हाऐवजी थोडी ज्वारी देऊन पाहिली गेली आहे. ते नित्याचे व्हावे. म्हणजे शेतकऱ्याला ज्वारी पेरायला कारण मिळेल, आईला ओळखीचे धान्य मिळेल, आणि दूरची आगगाडी उशिरा आली तरी आपले कोठार रिकामे राहणार नाही.

‘हे सरकारचे काम, आम्ही वारकरी काय करणार?’ असे म्हणाल तर तेही पाहू. सरला बेटाच्या सप्ताहात गावोगावच्या घरांतून भाकरी येतात, ट्रॅक्टर भरून येतात, आणि लाखोंची आमटी-भाकरीची पंगत उठते. ही ताकद आपलीच आहे. आपल्या गावच्या सप्ताहात मात्र हल्ली काय शिजते? पुरी, बुंदी, बाहेरून आलेला मैदा आणि साखर. त्याऐवजी गावच्याच शेतकऱ्याची ज्वारी, गावचीच तूर, रोख भावाने आधीच ठरवून घेतली तर? पेरणीच्या वेळीच त्याला शब्द दिला तर? एका सप्ताहाने किती पोती लागतात याचा हिशेब पंगत वाढणाऱ्यांना तोंडपाठ असतो. शिवारातल्या पाच-दहा जणांनी मिळून ज्वारी पेरली की पाखरेही वाटली जातात.

दुसरे, रेशन दुकानावर देखरेख ठेवणारी दक्षता समिती प्रत्येक गावात असावी असे कायदा सांगतो. ती आहे का, ती बसते का, हे ग्रामसभेत विचारा. एखाद्या म्हातारीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून ती रिकाम्या पिशवीने परतली असेल, तर तिच्याबरोबर पुन्हा दुकानात जा. हे चोखोबांच्या दारातले थांबणे आजच्या काळातले आहे. तिथे जो तिच्या शेजारी उभा राहील, त्याने वारीत किती वर्षे पायी चाललो हे सांगण्याची गरज नाही.

अन्नदान मोठे आहे, ते करीतच राहू. पण दान देणाऱ्याच्या मनावर असते, आणि मन आज असते, उद्या नसते. धोरण चांगले असेल तर ते देणाऱ्याच्या मनावर अवलंबून राहत नाही. त्याचा हिशेब असतो, पावती असते, आणि कोठार पुन्हा भरण्याची तजवीज असते. पंढरीनाथाने बिदरच्या दरबारातून जी पावती आणली, ती हीच शिकवण देते असे मला वाटते.

येत्या आषाढी एकादशीला उपवास कराल, तेव्हा एक करा. दुसऱ्या दिवशी सकाळी पारण्याची भाकरी मोडण्याआधी क्षणभर थांबा आणि विचारा : ही ज्वारी कोणाच्या शेतातली? आणि माझ्या गावात असे कोणते घर आहे, ज्याला कालची एकादशी संपली हे अजून कळलेले नाही? त्या घराचे नाव आठवले, तर पहिला घास घेण्याआधी तिकडे जाऊन या.

रामकृष्णहरी.